रेघ अक्षर कशी झाली

कागदावर रेघ ओढावयाची तर पट्टी धरावी आणि लेखणी चालवावी, इतकें तें सोपें काम आहे. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनानें तें जन्मभर केलें आणि त्यांत कांहीं विशेष आहे असें त्याला कधीं वाटलें नाहीं. छापखान्यांत मात्र हेंच काम अवघड होऊन बसतें. कारण तेथें हाताला मोकळीक नसते. जुळाऱ्याच्या पुढ्यांत खणाखणांचें जें खोकें असतें, त्यांत जें असेल तेंच कागदावर उमटणार. अक्षर हवें तर त्याचा खिळा हवा आणि रेघ हवी तर तिचीहि धातूची पट्टी हवी. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं पंचांग छापलें तें शिळाछापाचें होतें. शिळाछापासाठीं लिहिणाऱ्या लेखकाला तिथि, वार व नक्षत्रें यांचे रकाने आंखावयास निराळा खर्च पडत नाहीं. ज्या शाईनें अक्षर त्याच शाईनें रेघ. पुढें खिळ्यांचे छापखाने वाढले, तेव्हां रकान्यांचें काम ही जुळाऱ्याच्या कसबाची परीक्षाच ठरली. उभ्या पट्टीला आडवी पट्टी जेथें भिडते, तेथें केसाएवढी फट राहिली तरी कागद ती लपवीत नाहीं. देवनागरीच्या जुळाऱ्याला तर ही फट फारच परिचयाची. त्याच्या लिपींत प्रत्येक अक्षर आपल्या वांट्याची शिरोरेघ डोक्यावर घेऊनच येतें, आणि शेजाऱ्याच्या रेघेशीं ती जुळली नाहीं कीं सबंध ओळ दातरी दिसूं लागते.

संगणकाच्या पडद्यावरचें लेखन या बाबतींत शिळेच्या जातीचें नव्हे, खिळ्यांच्या जातीचें आहे. संगणकाला अक्षर ठाऊक नसतें. त्याला अंक ठाऊक असतो. अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर असें एक कोष्टक आधीं ठरवावें लागतें. या कोष्टकाला संकेतावली म्हणावें. ज्या वस्तूला कोष्टकांत अंक नाहीं ती वस्तु मजकुरांत असूंच शकत नाहीं. चित्र म्हणून ती निराळी काढतां येईल. परंतु अक्षरांच्या बरोबरीनें ओळींत उभी राहणें, तारेवरून जाणें, शोधलें असतां सांपडणें हें तिच्या नशिबीं नाहीं. तेव्हां मजकुराभोंवतीं चौकट घालणाऱ्या रेघेला मजकुरांत यावयाचें, तर तिला स्वतःच अक्षर होणें भाग होतें. आणि अडचण होती ती येथेंच. कोष्टकांतल्या जागा मोजक्या होत्या. तेथें एका रेघेला दिलेली जागा म्हणजे कोणत्या तरी भाषेच्या एका अक्षराची नाकारलेली जागा होती. गेल्या साठ वर्षांत ही जागा कोणी दिली, कोणी परत घेतली, आणि कोणाचीं अक्षरें त्यापायीं बाजूला सरलीं, हा इतिहास बाहेरून दिसतो त्याहून बराच माणसांचा आहे.

अमेरिकेंत तारयंत्रें व संगणक यांना एकमेकांचें बोलणें कळावें म्हणून १९६३ सालीं ‘आस्की’ नांवाची संकेतावली प्रसिद्ध झाली. ती सात बिटांची होती. म्हणजे सात वेळां ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर देऊन जितके निरनिराळे क्रमांक होतात तितके तिच्यांत मावत. असे क्रमांक १२८ होतात. त्यांतले ३३ क्रमांक यंत्राला हुकूम देण्यासाठीं राखले गेले : ओळ बदल, घंटा वाजीव, मजकूर संपला, इत्यादि. उरलेल्या ९५ जागांत, १९६७ च्या सुधारलेल्या आवृत्तीप्रमाणें, इंग्रजीचीं मोठीं व लहान अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि कोरी जागा यांनीं दाटीवाटीनें बसावयाचें होतें. चौकटीच्या कोपऱ्याला तेथें कोण विचारणार ?

त्या १९६७ च्या आवृत्तींत एक उभी रेघ आली खरी. पण तिची कहाणी थोडी विचित्र आहे. तर्कशास्त्रांत ‘किंवा’ या अर्थानें उभी रेघ वापरतात, आणि आज्ञावली लिहिणाऱ्या कांहीं मंडळींना ती अवश्य हवी होती. तडजोड म्हणून उद्गारचिन्हाचा आकार त्या रेघेसारखा काढण्याची मुभा देण्यांत आली. मग खरी उभी रेघ आणि हें सोंग घेतलेलें उद्गारचिन्ह यांचा घोटाळा होऊं नये म्हणून खऱ्या रेघेलाच मध्यें तोडण्यांत आलें ! १९७७ सालीं ही मुभा काढून घेतली आणि रेघ पुन्हां सांधली. पण तोंवर तुटकी रेघ कळफलकांवर रुजली होती. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीनेंहि ती तशीच उचलली. अखेर पश्चिम युरोपीय भाषांसाठीं १९८७ सालीं जी आंतरराष्ट्रीय संकेतावली झाली, तिच्यांत सबंध रेघेला एक व तुटक्या रेघेला एक अशा दोन वेगळ्या जागा द्याव्या लागल्या. दहा वर्षें टिकलेल्या एका सोयीपायीं एक जागा कायमची खर्ची पडली.

या तुटपुंज्या साहित्यावर लोकांनीं कोष्टकें काढलीं. आडव्या रेघेला संयोगचिन्ह, कोपऱ्याला अधिकाचें चिन्ह आणि उभ्या बाजूला ही तुटकी किंवा सबंध रेघ, अशी ती रीत. दोन ओळींच्यामध्यें अंतर राहत असल्यामुळें उभी रेघ वरच्या रेघेला पोंचत नसे. ती भिंत नव्हती, कुंपण होतें. पण आंतला मजकूर कळत असे. ही रीत अद्यापहि पूर्ण लोपलेली नाहीं.

खऱ्या जोडरेघा सामान्य वापरांत आणणाऱ्या यंत्रांत अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननें १९७८ सालीं काढलेल्या ‘व्हीटी-१००’ या यंत्राचें नांव प्रथम घ्यावें लागेल. हा स्वतंत्र संगणक नव्हता. दूरच्या मोठ्या संगणकाशीं तारेनें जोडलेला पडदा व कळफलक, एवढेंच त्याचें स्वरूप. पडद्यावर २४ ओळी आणि ओळींत अक्षरांचीं ८० घरें. सात बिटांच्या कोष्टकांत नवी जागा नव्हती, म्हणून या यंत्राच्या कर्त्यांनीं निराळीच युक्ति योजली. संगणकानें एक ठराविक हुकूम पाठवावयाचा. तो आला कीं लहान इंग्रजी अक्षरें आपला वेष टाकून रेघा होत. ‘जे’, ‘के’, ‘एल’ आणि ‘एम’ हे चौकटीचे चार कोपरे, ‘क्यू’ म्हणजे आडवी रेघ, ‘एक्स’ म्हणजे उभी आणि ‘एन’ म्हणजे दोन रेघांची फुली. चौकट काढून झाली कीं दुसरा हुकूम येई आणि अक्षरें पुन्हां अक्षरें होत. एकाच खणांत दोन प्रकारचे खिळे ठेवून, आतां कोणता उचलावयाचा हें जुळाऱ्याच्या कानांत सांगावें, तसा हा प्रकार.

या युक्तींत चातुर्य आहे. पण कानांतला निरोप मध्येंच हरवला तर काय होतें हेंहि त्या काळच्या माणसांनीं पुष्कळ पाहिलें. हुकूम न समजणाऱ्या पडद्यावर सुबक चौकटीऐवजीं ‘क्यू’ अक्षरांची लांबलचक रांग दिसे आणि दोहों बाजूंना ‘एक्स’चे खांब उभे राहत. उलट प्रकारहि घडे. आस्कींतील चौदावा क्रमांक म्हणजे ‘दुसऱ्या कोष्टकाकडे वळ’ असा हुकूम आहे. मजकूर नसलेली एखादी फाइल चुकून पडद्यावर ओतली गेली आणि तिच्यांत हा चौदावा क्रमांक असला, कीं कांहीं यंत्रांवर त्यापुढचें सारें लेखन रेघांच्या जंजाळांत बुडून जाई. पंधरावा क्रमांक आल्यावांचून त्याची सुटका नसे, आणि तो टंकलिखित करणाऱ्यालाहि आपण काय लिहीत आहों हें दिसत नसे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला पीसी बाजारांत आणला. त्याच्या संकेतावलीला पुढें ‘कोड पेज ४३७’ हें नांव मिळालें. ती आठ बिटांची. म्हणजे तिच्यांत १२८ च्या दुप्पट, २५६ जागा. पहिल्या अर्ध्या आस्कीच्या. उरलेल्या अर्ध्या जागा कशानें भरावयाच्या हें कर्त्यांच्या इच्छेवर होतें. त्यांनीं युरोपीय भाषांचीं कांहीं अक्षरें घेतलीं, कांहीं ग्रीक अक्षरें व गणिताचीं चिन्हें घेतलीं, आणि क्रमांक १७९ पासून २१८ पर्यंत ओळीनें ४० जागा रेघांना बहाल केल्या. त्या काळीं अमेरिकन कचेऱ्यांत वँग कंपनीच्या केवळ लेखनासाठीं बनविलेल्या यंत्रांचा मोठा दबदबा होता. तशा लेखनयंत्रांच्या आकर्षणांतूनच असलीं चिन्हें पीसींत आलीं, असें मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनीं पुढें १९९५ सालच्या एका मुलाखतींत सांगितलें.

या चाळीस रेघांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एकेरी रेघेचे अकरा आकार : आडवी, उभी, चार कोपरे, चार तिठे व एक चौक. दुहेरी रेघेचे तसेच अकरा. उरलेले अठरा आकार हे एकेरी रेघ दुहेरीला जेथें मिळते त्या सांध्यांचे. त्यांचा क्रम मात्र पाहणाऱ्याला वेड लावील असा आहे. एकेरी चौकटीचे चार कोपरे २१८, १९१, १९२ आणि २१७ या क्रमांकांवर विखुरले आहेत. उभी रेघ १७९ वर, आडवी १९६ वर. आज्ञावली लिहिणारे लोक हे आंकडे पाढ्यांसारखे पाठ करीत. हा क्रम लहरीनें लागला असें प्रथमदर्शनीं वाटतें, परंतु त्याचा मेळ पडद्याच्या यंत्रणेशीं अचूक बसतो.

पीसीच्या एकरंगी पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या घराची रुंदी नऊ ठिपके होती. अक्षराचा आकार मात्र आठच ठिपक्यांचा सांठविलेला असे. नववा ठिपका कोरा राही, म्हणजे शेजारचीं दोन अक्षरें एकमेकांस चिकटत नसत. वाचनाला हें उत्तम. पण आडव्या रेघेला घातक, कारण प्रत्येक घरानंतर एका ठिपक्याची फट पडावयाची. जुळाऱ्याची जुनी फट येथें पुन्हां हजर झाली ! तिच्यावर तोड अशी काढली, कीं १९२ ते २२३ या क्रमांकांपुरता आठवा ठिपका नवव्या जागीं पुन्हां उमटवावयाचा. आतां पाहावें : १७९ ते १९१ या तेरा आकारांपैकीं एकाचीहि रेघ उजवीकडे जात नाहीं. ते सारे उभे तरी आहेत किंवा डावीकडे हात पसरणारे तरी आहेत. ज्यांचा उजवा हात शेजाऱ्याला भिडला पाहिजे ते सगळे १९२ च्या पुढें बसविले आहेत. अक्षरांच्या कोष्टकांत एखाद्याचें स्थान त्याचा हात कोणत्या बाजूला आहे यावरून ठरावें, असें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

रेघांवर इतका खर्च कां केला, याचें उत्तर त्या यंत्राच्या स्मरणशक्तींत आहे. पडद्यावर २५ ओळी, प्रत्येक ओळींत ८० घरें, मिळून २००० घरें होतात. प्रत्येक घराला एक बाइट अक्षराचा व एक त्याच्या उजेडाचा, म्हणून सबंध पडदा ४००० बाइटांत मावे. तोच पडदा ठिपक्याठिपक्यानें चित्रासारखा काढावयाचा तर आडवे ७२० व उभे ३५० ठिपके, म्हणजे ३१,५०० बाइट लागले असते. आणि इतके ठिपके हलविण्यास वेळ लागला असता तो निराळाच. चौकटी अक्षरांनीं काढल्या म्हणून त्या क्षणांत उमटत व क्षणांत पुसल्या जात. पुढच्या दहा वर्षांत निघालेल्या बहुतेक नांवाजलेल्या आज्ञावली याच रेघांवर उभ्या राहिल्या. १९८६ च्या ‘नॉर्टन कमांडर’मधील शेजारशेजारच्या दोन निळ्या दालनांच्या भिंती दुहेरी रेघेच्या होत्या. बोर्लंड कंपनीच्या १९९० च्या ‘टर्बो व्हिजन’मध्यें तर रेघेला अर्थच प्राप्त झाला. ज्या खिडकींत काम चालू असेल तिची चौकट दुहेरी आणि मागें पडलेल्या खिडकीची एकेरी, असा तो संकेत होता.

पण चाळीस जागा रेघांना गेल्या त्या कोणाच्या होत्या ? अमेरिकेंत हा प्रश्न कोणाला पडला नाहीं, कारण इंग्रजीचीं अक्षरें पहिल्या अर्ध्यांतच भरून पावलीं होतीं. समुद्रापलीकडे तो तत्काळ पडला. पोर्तुगीज माणसाला आपल्या भाषेचीं सारीं अक्षरें त्या कोष्टकांत सांपडेनात. कित्येक युरोपीय भाषांची अशीच तक्रार होती. १९८७ सालीं डॉस या आज्ञाप्रणालीच्या ३.३ आवृत्तीबरोबर ‘कोड पेज ८५०’ आलें, आणि त्यांत रेघांच्या अठरा जागा, मिश्र सांध्यांच्या त्या अठराच, काढून घेऊन त्या अक्षरांना व चिन्हांना दिल्या. न्यायानें पाहतां हें योग्यच झालें. पण जुन्या आज्ञावलींना त्याची वार्ता नव्हती. त्यांनीं दुहेरी भिंतीच्या चौकटींत मध्यें एकेरी आडवी रेघ काढली, कीं डाव्या सांध्याच्या जागीं लहरी टोपीचें ‘ए’ आणि उजव्या सांध्याच्या जागीं टोंकदार टोपीचें ‘ए’ उमटूं लागलें. लिस्बनच्या पडद्यांवर भिंतींतून अक्षरें डोकावूं लागलीं असें म्हटलें तरी चालेल. तीं आपल्या हक्काच्या घरीं आलीं होतीं, इतकेंच.

रशियन लोकांनीं याच्या अगदीं उलट मार्ग धरला. त्यांची वर्णमाला ३३ अक्षरांची. मोठीं व लहान मिळून ६६ जागा हव्या होत्या. पीसीवर जी रशियन संकेतावली रूढ झाली, जिला पुढें ‘कोड पेज ८६६’ म्हणूं लागले, तिनें रेघांना, व त्यांच्या आगेंमागें असलेल्या छटांच्या व ठोकळ्यांच्या चिन्हांनाहि, धक्का लावला नाहीं. त्या ४८ जागा जशाच्या तशा ठेवून तिनें आपली वर्णमालाच दुभंगून घेतली. लहान अक्षरांपैकीं पहिलीं सोळा रेघांच्या अलीकडे, पुढचीं सोळा पलीकडे, आणि एक बिचारें दोन ठिपक्यांचें अक्षर त्याच्याहि पलीकडे. अक्षरें अनुक्रमानें लावण्याचें प्रत्येक काम त्यामुळें किचकट झालें. तरीहि हा सौदा रशियन लोकांनीं पतकरला, याचें कारण उघड आहे. परदेशी आज्ञावली जशीच्या तशी चालवावयाची, तर तिच्या भिंती शाबूत राहणें जरूर होतें. पोर्तुगीजांनीं अक्षरांसाठीं रेघा मोडल्या, रशियनांनीं रेघांसाठीं वर्णमाला वांकविली. दोघांचीहि अडचण खरी होती.

आपल्याकडे हाच प्रश्न अधिक तीव्र होता. भारतीय लिप्यांना आस्कींत जागा मुळींच नव्हती. त्यांना सबंध दुसरा अर्धा भाग हवा होता. भारतीय मानक ब्युरोनें १९९१ सालीं आयएस १३१९४ या क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. ‘इस्की’ या नांवानें ओळखली जाणारी ही संकेतावली ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांकरितां एकच कोष्टक देते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या ‘जिस्ट’ तंत्रानें, पीसींत बसवावयाच्या कार्डाच्या रूपानें, भारतीय अक्षरें पुष्कळ कचेऱ्यांच्या पडद्यांवर नेलीं. या कोष्टकांत व्यंजनांची रांग कोठून सुरू होते ? ‘क’चा क्रमांक आहे १७९. पीसीच्या मूळ कोष्टकांत ही उभी रेघ. ‘ह’चा क्रमांक २१६. म्हणजे ‘क’ पासून ‘ह’ पर्यंतचीं सारीं व्यंजनें, आणि त्यांपुढचा काना धरला तर बरोबर २१८ पर्यंत, नेमक्या त्या चाळीस रेघांच्या जागीं येऊन बसलीं आहेत. आडव्या रेघेच्या १९६ व्या क्रमांकावर ‘द’ आहे. दुहेरी उभ्या रेघेच्या १८६ व्या जागीं ‘ज’, आणि दुहेरी आडवीच्या २०५ व्या जागीं ‘य’.

याचा व्यवहारांत अर्थ काय, तें एका उदाहरणानें कळेल. पहिल्या इयत्तेंतला ‘कमळ’ हा शब्द घ्यावा. इस्कींत लिहिलेला हा शब्द भारतीय अक्षरें न जाणणाऱ्या पीसीवर उघडला, तर ‘क’च्या जागीं एक उभी रेघ, ‘म’च्या जागीं दुहेरी भिंतीला उजवीकडे फुटलेला दुहेरी फांटा, आणि ‘ळ’च्या जागीं एकेरी तुळईखालीं दुहेरी खांब दिसावयाचा. उलटपक्षीं, इंग्रजी आज्ञावलीनें काढलेली एकेरी चौकट इस्कीच्या दृष्टीनें वाचली, तर डाव्या कोपऱ्यांत एकटा काना, त्यापुढें ‘द द द द’ अशी रांग, उजव्या कोपऱ्यांत ‘ड’. दोन्ही बाजूंना ‘क’चे खांब, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यांत ‘ढ’. राहिलेल्या चौथ्या कोपऱ्यांत कांहींच दिसावयाचें नाहीं. कारण २१७ हा क्रमांक इस्कीनें ‘अदृश्य व्यंजना’ला दिला आहे.

विंडोज आली तेव्हां चौकटी ठिपक्यांनीं काढणें परवडूं लागलें, आणि तिच्या पश्चिम युरोपीय कोष्टकांत रेघांना जागाच राहिली नाहीं. जुन्या फाइलींतल्या आडव्या रेघा तेथें डोक्यावर दोन टिंबें असलेल्या ‘ए’ अक्षरांच्या माळा होऊन दिसूं लागल्या, आणि उभ्या रेघांच्या जागीं बारीक उंचावलेला तिनाचा आंकडा लोंबूं लागला. त्या काळच्या पुष्कळ लोकांना रेघांची ओळख झाली ती या विटंबित रूपांतच.

आशियाच्या पूर्व भागांत हें भांडण कधीं झालेंच नाहीं. तेथें चित्रलिपींच्या हजारों अक्षरांसाठीं मुळांतच दोन-दोन बाइटांचीं कोष्टकें केलेलीं होतीं. ९४ रांगा आणि प्रत्येक रांगेंत ९४ घरें. इतक्या ऐसपैस वाड्यांत रेघांना एक पडवी देण्यास कोणाचें मन आखडणार ? चीननें १९८० सालच्या मानकांत ७६ रेघा घेतल्या, जपाननें १९८३ च्या सुधारणेंत ३२, कोरियानें १९८७ त ६८. त्या देशांत कचेरींतले तक्ते व नमुने आंखण्याची परंपरा मोठी; म्हणून तेथें एकेरी-दुहेरीपेक्षां बारीक व जाड हा भेद महत्त्वाचा ठरला. चीनच्या कोष्टकांत तर तुटक रेघांचेहि प्रकार आहेत.

ऑक्टोबर १९९१ मध्यें ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति निघाली. जगांतील सर्व लिप्यांना एकाच कोष्टकांत कायमचे क्रमांक द्यावयाचे, हा तिचा संकल्प. काटेकोर तत्त्वानें पाहतां चौकटीचा कोपरा हें कोणत्याच भाषेचें अक्षर नव्हे. पण दुसरें एक तत्त्व अधिक व्यवहारी होतें. जुन्या प्रमुख संकेतावलींतील मजकूर नव्या कोष्टकांत न्यावा व परत आणावा, तर मध्यें कांहीं हरवतां कामा नये. या तत्त्वाच्या आधारानें अमेरिकेच्या दुहेरी रेघा, पूर्वेकडच्या जाड-बारीक रेघा आणि त्यांचे नाना सांधे असे मिळून १२८ आकार आंत आले. त्यांच्या वसतीला पहिल्या आवृत्तींत तक्ते व नमुने यांचीं अंगें अशा अर्थाचें नांव होतें. मागाहून तें ‘चौकटीच्या रेघा’ असें झालें. देवनागरीलाहि युनिकोडमध्यें तितक्याच, १२८ जागांची वसती मिळाली आणि ती १९८८ च्या इस्कीवरून आंखली गेली. आतां ‘क’चा क्रमांक २३२५ आणि उभ्या रेघेचा ९४७४. क्रमांक १७९ वरचा त्यांचा जुना दावा अशा रीतीनें निकालांत निघाला. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं सप्टेंबर १९९२ मध्यें या क्रमांकांना बाइटांत लिहिण्याची ‘यूटीएफ-८’ ही रीत योजली. तिच्यांत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या अक्षराला व चौकटीच्या रेघेला सारखेच तीन-तीन लागतात.

भांडण मिटलें, पण संसार सुखाचा झाला असें म्हणवत नाहीं. रेघांची सारी विद्या एका गृहीतावर उभी आहे : प्रत्येक अक्षर एकाच रुंदीच्या घरांत मावतें. इंग्रजीला हें चालतें. मराठींत ‘स्त्री’ हा शब्द संकेतांनीं मोजला तर सहा भरतो, डोळ्यांनीं पाहिला तर एकच जोडाक्षर, आणि त्याला पडद्यावर किती घरें द्यावयाचीं याविषयीं निरनिराळ्या आज्ञावलींचीं मतें निरनिराळीं. परिणाम असा होतो, कीं मराठी नांवांचा तक्ता अशा रेघांनीं आंखला तर डावी भिंत सरळ राहते आणि उजवी भिंत प्रत्येक ओळींत मागेंपुढें सरकते. जोडाक्षर आलें कीं ती आंत येते, काना-मात्रा वाढली कीं बाहेर जाते. युनिकोडनें अक्षराला क्रमांक दिला, रेघेलाहि दिला. पण दोघांनीं एका ओळींत कसें नांदावें हें सांगणें त्याच्या कक्षेंतलें नव्हतें. आणखी एक अडचण दृष्टिहीन वाचकांची आहे. मजकूर बोलून दाखविणाऱ्या कांहीं आज्ञावली रेघेला अक्षर समजून तिचें इंग्रजी नांव उच्चारूं लागतात. चाळीस घरांची आडवी रेघ असली तर तेंच नांव चाळीस वेळां ऐकावें लागण्याचा प्रसंग येतो. डोळसांना शोभा वाटणारी चौकट अशा वेळीं दुसऱ्याच्या कानाला शिक्षा होते, ही गोष्ट चौकटी काढणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानांत येते.

तरीहि रेघांचें राज्य आटोपलें नाहीं, उलट वाढलेंच. मार्च २०२० मध्यें युनिकोडच्या १३ व्या आवृत्तीनें १९७० व १९८० च्या दशकांतील घरगुती संगणकांचीं व तारेवरील मजकूरसेवांचीं उरलेलीं २१२ चिन्हें दाखल करून घेतलीं, आणि सप्टेंबर २०२४ मधील १६ व्या आवृत्तीनें त्यांत आणखी मोठी भर घातली. संग्रहालयांत गेलेल्या यंत्रांचा मजकूर वाचतां यावा हा त्यामागचा हेतु. दरम्यान मजकुरी पडद्यांच्या नव्या आज्ञावलींपैकीं कित्येकांनीं एक वेगळाच क्रम धरला आहे. टंकांत रेघेचा जो आकार ठेवलेला असतो तो त्या वापरीतच नाहींत. कारण निरनिराळ्या टंकांत घराची उंची निराळी आणि सांध्यांत पुन्हां तीच जुनी फट. रेघेचा क्रमांक आला कीं त्या घराचें माप घेऊन रेघ आपल्या हातानेंच ओढतात, शिळेवर लिहिणारा लेखक ओढीत असे तशी. आणि व्हीटी-१०० चा तो १९७८ चा हुकूमहि अजून मोडलेला नाहीं. आजच्या बहुतेक संगणकांवर मजकुरी खिडकी उघडून तो पाठविला, तर ‘क्यू’ अक्षर आज्ञेबरहुकूम निघतें आणि पडद्यावर पोंचतांना आडवी रेघ होऊन पोंचतें.